खातरजमा : ‘साफ झालं’ हे कोण सांगणार?

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेत गेलो, तर आमच्या मागच्या दोन वर्गांवरचे जुने सिमेंटचे पत्रे उतरवलेले होते. नवे रंगीत पत्रे बसले होते. जुने पत्रे उतरवताना अर्धेअधिक फुटले होते. त्यांचा ढीग मैदानाच्या कोपऱ्यात पडला होता आणि शेजारच्या गल्लीतली पोरं त्यातल्याच तुकड्यांची लगोरी रचून खेळत होती. वर्गात बाकांवर, खिडक्यांच्या कट्ट्यांवर, फळ्याच्या कडेवर करडी पूड बसलेली. शिपाईचाचा कोरड्या झाडूने ती झाडत होते. दारातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती. झाडू बाजूला ठेवून चाचा म्हणाले, “सर, हो गया साफ. सोमवारपासून बच्च्यांना बसवा.”

मी मान डोलावली. मुख्याध्यापकांनी वर्ग वापरण्यास योग्य असल्याची नोंद रजिस्टरात केली. मीही खाली सही केली.

त्या रात्री सहज काही वाचायला घेतलं आणि झोप उडाली. आमच्याकडचे ते जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे. ‘ॲस्बेस्टॉस’ हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आमच्याकडे त्याला कुणी ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतं, कुणी नुसताच ‘शीट’. पण तो फुटल्यावर, कापल्यावर, उतरवल्यावर ती खोली पुन्हा वापरण्याजोगी झाली हे कसं ठरवतात, यासाठी जगात किती भांडणं झाली, किती इमारती वर्षानुवर्षं बंद राहिल्या, हे मला ठाऊक नव्हतं. तो इतिहास आज मांडतो आहे.

त्याआधी एका शब्दाबद्दल थोडं. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांच्या येण्याजाण्याकडे माझं लक्ष असतं. मराठीत आपण ‘खातरजमा करणे’ म्हणतो. हा शब्द फारसी-उर्दूतल्या ‘खातिर-जमा’वरून आला. तिकडे त्याचा अर्थ मन ठिकाणावर असणं, निश्चिंत असणं. ‘खातिर-जमा रखिए’ म्हणजे काळजी करू नका. मराठीत आल्यावर त्याला पडताळणीचा अर्थ चिकटला. ‘खातरजमा करून घ्या’ म्हणजे स्वतः तपासून बघा. एकाच शब्दाच्या या दोन बाजू आहेत, एक मनाची शांती आणि दुसरी तपास. शाळेच्या रजिस्टरात मी सही केली ती उर्दूतल्या खातिर-जमेवर. मराठीतली खातरजमा कुणीच केली नव्हती.

आगीत धुतलेलं कापड

ॲस्बेस्टॉस हा दगड आहे, पण तो कापसासारखा पिंजता येतो, त्याचं सूत काढता येतं. ग्रीक भाषेत ‘ॲस्बेस्टॉस’ म्हणजे न विझणारं. त्याचं दुसरं ग्रीक नाव ‘अमिआन्तोस’, म्हणजे निष्कलंक, ज्याला डाग लागत नाही असं. फ्रेंच लोक आजही त्याला ‘अमिआंत’च म्हणतात. फारसीत त्याला ‘पंबे-ए-नसूज’, न जळणारा कापूस म्हणतात.

आपल्या मुस्लिम भूगोलवेत्त्यांनाही तो चांगला माहीत होता. दहाव्या शतकातल्या अल-मुकद्दसीने बदख्शानच्या डोंगरातल्या या दगडाचं वर्णन केलं आहे. अरबीत त्याचं नाव ‘हजर-उल-फतीला’, म्हणजे वातीचा दगड. दिव्यात त्याची वात लावली तर तेल जळतं, वात जळत नाही. त्याचे दस्तरखानही विणत. जेवणात तेल-तूप सांडून दस्तरखान मळलं की ते भट्टीत टाकायचं. मळ जळून जायचा आणि कापड पांढरंस्वच्छ बाहेर यायचं.

मला हे वाचताना गंमत वाटली आणि वाईटही वाटलं. ज्या वस्तूला ‘निष्कलंक’ असं नाव पडलं, जी आगीत टाकून साफ व्हायची, तिच्यापासून एखादी खोली साफ झाली का, हे ठरवायला माणसाला पुढे सूक्ष्मदर्शक लागला.

डोळ्यांची साक्ष अपुरी पडली

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेची इंजिनं, बॉयलर, नळ यांना गुंडाळायला ॲस्बेस्टॉस लागू लागलं आणि इंग्लंडात त्याच्या गिरण्या निघाल्या. तिथल्या पहिल्या स्त्री कारखाना-निरीक्षकांपैकी एक होत्या ल्युसी डीन. १८९८ च्या अहवालात त्यांनी या गिरण्यांमधल्या धुळीचा विषय काढला. ती धूळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा तिचे कण काचेच्या चुऱ्यासारखे तीक्ष्ण दिसले होते. म्हणजे इशारा सव्वाशे वर्षांपूर्वीच मिळाला होता आणि तो सूक्ष्मदर्शकाने दिला होता.

त्याच सुमारास लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलात डॉक्टर माँटेग्यू मरे यांच्याकडे तेहतीस वर्षांचा एक गिरणी कामगार आला. त्याच्या खात्यात दहा जण कामाला होते आणि त्यांच्यापैकी आपण एकटेच उरलो आहोत, असं त्याने सांगितलं. १९०० मध्ये तोही गेला. १९२४ मध्ये रॉचडेल गावातली नेली केर्शॉ ही कामगार बाईही तेहतिसाव्या वर्षी वारली. तिच्या फुप्फुसात डॉक्टर विल्यम कुक यांना ॲस्बेस्टॉसचे तंतू सापडले. पुढे १९२७ मध्ये या आजाराला ‘ॲस्बेस्टॉसिस’ हे नाव मिळालं. ती ज्या टर्नर कंपनीच्या गिरणीत काम करायची, त्या कंपनीने जबाबदारी नाकारली. याच टर्नर अँड न्यूअल समूहाने १९३४ च्या सुमारास कटनीजवळच्या कैमोरमध्ये सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना काढला. आपल्या डोक्यावरच्या पत्र्यांचा धागा असा रॉचडेलपर्यंत जातो.

१९३० मध्ये मेरवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला आणि १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये पहिले नियम झाले. पण ते गिरणीतल्या कामगारांपुरते होते. इमारतीत राहणाऱ्या, शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या माणसांचा त्यात विचार नव्हता. उलट त्याच दशकात ॲस्बेस्टॉस पाण्यात आणि सिमेंटमध्ये कालवून छतांवर, लोखंडी तुळयांवर फवारण्याची पद्धत निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत शाळा, दवाखाने, कचेऱ्या उभ्या राहिल्या त्यातल्या हजारो इमारतींमध्ये आगीपासून संरक्षण म्हणून हा फवारा मारला गेला.

१९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वॅगनर, स्लेग्ज आणि मार्चंड यांनी फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाचे, म्हणजे मेसोथेलिओमाचे, ३३ रुग्ण नोंदवले. त्यातले सगळेच खाणकामगार नव्हते. काही जण नुसते खाणीच्या परिसरात राहिलेले, लहानपणी तिथे खेळलेले होते. रोग उमटायला मध्ये वीस, तीस, चाळीस वर्षं गेली होती. मैदानावरची ती लगोरी मला इथे आठवली.

या रोगाचा हा उशीरच सगळ्या गोंधळाचं मूळ आहे. विषारी वायू असेल तर माणूस तिथेच खोकतो, डोळे चोळतो, बाहेर पळतो. ॲस्बेस्टॉसला वास नाही, चव नाही, घशात जळजळ नाही. हानिकारक तंतू इतके बारीक असतात की ते डोळ्याला दिसत नाहीत आणि स्थिर हवेत तासन् तास तरंगत राहतात. तेव्हा खोली साफ झाली का, हे ना नाक सांगू शकतं, ना डोळा. तिथे बसणाऱ्याची तब्येतही सांगू शकत नाही, कारण ती सांगेपर्यंत उशीर झालेला असतो.

साफ झाल्याचा दाखला कसा देतात

१९७० नंतर अनेक देशांनी फवाऱ्यावर बंदी घातली आणि जुन्या इमारतींतून ॲस्बेस्टॉस काढायला सुरुवात झाली. सुरुवातीला काढणं म्हणजे खरवडणं आणि झाडून घेणं एवढंच होतं. त्यामुळे कित्येकदा काम झाल्यावर हवा आधीपेक्षा वाईट व्हायची. जे छताला चिकटून गप्प बसलं होतं, ते आता हवेत मोकळं सुटलेलं असायचं. म्हणून हळूहळू दोन गोष्टींची फारकत झाली. काढणं हे एक काम आणि साफ झाल्याचं सिद्ध करणं हे दुसरं. ही दोन कामं एकाच माणसाने करू नयेत, हे अनेक चुका करून मग शिकलं गेलं.

ब्रिटनमधली आजची पद्धत थोडक्यात सांगतो. काम सुरू असताना ती जागा जाड प्लॅस्टिकने पूर्ण बंद करतात आणि आतली हवा गाळून बाहेर ओढत राहतात, म्हणजे फट राहिली तरी हवा बाहेरून आत जाते, आतून बाहेर येत नाही. माल ओला करूनच काढतात. काम संपलं की कंत्राटदार आपली तपासणी करतो आणि मग एक स्वतंत्र तपासनीस येतो. तो चार पायऱ्यांनी जातो.

पहिल्या पायरीवर तो कागद आणि जागा ताडून पाहतो. काय काढायचं ठरलं होतं, ते सगळं निघालं का, आजूबाजूला काही सांडलं आहे का? दुसरी पायरी सगळ्यांत मोठी. संरक्षक कपडे आणि मास्क घालून तो आत शिरतो आणि बॅटरीच्या तिरप्या उजेडात प्रत्येक पृष्ठभाग पाहतो. नळाची मागची बाजू, तुळईची वरची कड, बोल्टच्या खाचा, भिंतीतली भोकं, सगळं. धूळ दिसली तर साफसफाई पुन्हा. ही पायरी पार पडल्याशिवाय हवेची चाचणी घ्यायचीच नाही, असा नियम आहे. याचं कारण मला फार पटलं. घाण राहिलेल्या खोलीतही हवा शांत असेल तर चाचणी चांगली येऊ शकते.

तिसरी पायरी हवेची. इथे तपासनीस मुद्दाम झाडूने पृष्ठभाग झाडतो, धूळ उडवायचा प्रयत्न करतो. अमेरिकेत शाळांसाठी १९८६ मध्ये कायदा झाला, त्यानंतरच्या नियमांत तर पाचोळा उडवायचं यंत्र भिंती-छतावर फिरवायला आणि पंखे लावायला सांगितलं आहे. विचार असा, की उद्या इथे मुलं धावतील, बाकं सरकवली जातील, दारं आपटतील. तेव्हाची हवा कशी असेल ते आजच पाहून घ्यायचं. मग पंपाने साधारण ४८० लिटर हवा एका बारीक गाळणीतून ओढतात आणि गाळणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून २०० ठिकाणी तंतू मोजतात. पाच मायक्रॉनपेक्षा लांब, तीन मायक्रॉनपेक्षा अरुंद आणि रुंदीच्या तिपटीपेक्षा लांब, असाच तंतू मोजायचा. हवेच्या प्रत्येक मिलिलिटरमागे ०.०१ तंतूपेक्षा कमी आले तर पायरी पार.

चौथ्या पायरीत प्लॅस्टिकचं आवरण उतरवल्यावर पुन्हा एकदा पाहणी होते, कारण त्या घड्यांमध्येही धूळ दडून बसते. कचरा ज्या वाटेने नेला तीही पाहतात. त्यानंतर पुन्हा वापराचा दाखला मिळतो, त्याच्यावर तपासनिसाची सही होते आणि मग दार उघडतं.

आता ते ०.०१ नीट समजून घेऊ. मिलिलिटरमागे ०.०१ म्हणजे लिटरमागे १०. शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा घेतो, म्हणजे त्या मर्यादेवर मिनिटाला साठ-सत्तर तंतू. मग ही मर्यादा सुरक्षित कशी? ब्रिटिश नियमच सांगतात की हा आकडा कायम राहण्यासाठी सुरक्षित पातळी नाही. काम नीट साफ झालं आहे, याची ती त्या घडीची खूण आहे. शिवाय हा सूक्ष्मदर्शक तंतू मोजतो, पण तो ॲस्बेस्टॉसचा की कापसाचा हे ओळखत नाही, आणि सर्वांत बारीक तंतू त्याला दिसतही नाहीत. म्हणून अमेरिकेतल्या शाळांत मोठ्या कामांनंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरतात. फ्रान्समध्येही तोच वापरतात आणि तिथली मर्यादा लिटरमागे ५ तंतू आहे.

इतकी पायऱ्यांची उतरंड, तरी ‘शंभर टक्के सुरक्षित’ असं त्या दाखल्यावर कुणी लिहीत नाही. काय तपासलं, कसं तपासलं आणि काय सापडलं, एवढंच लिहितात. आम्ही रजिस्टरात एका ओळीत ‘योग्य’ लिहून मोकळे झालो होतो.

दहा लाख मुलांची शाळा

एक शिक्षक म्हणून मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावणारी घटना न्यूयॉर्कमधली आहे, १९९३ ची. १९८६ च्या कायद्याप्रमाणे अमेरिकेतल्या प्रत्येक शाळेची तपासणी व्हायची होती. न्यूयॉर्क शहरातही ती झाली, कागद तयार झाले, फायली लागल्या. मग १९९३ च्या ऑगस्टमध्ये महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी जाहीर केलं की त्या तपासण्यांवर भरवसा ठेवता येत नाही. जिथे ॲस्बेस्टॉस नाही म्हटलं होतं तिथे ते निघत होतं, जिथे पत्रके भरली होती तिथे नीट पाहणीच झालेली नव्हती. सुमारे एक हजार शाळा पुन्हा तपासायच्या होत्या आणि सुट्टी संपायला काही आठवडेच उरले होते.

९ सप्टेंबरला शाळा उघडायच्या होत्या. त्या २० सप्टेंबरला उघडल्या, आणि काही तर त्यानंतरही बंदच होत्या. सुमारे दहा लाख मुलं घरी बसली. नोकरी करणाऱ्या आईबापांचे हाल झाले. काही जाणकार म्हणाले, ही घबराट जास्त आहे. भिंतीआड शाबूत असलेल्या ॲस्बेस्टॉसपेक्षा रस्त्यावर मोकळं फिरण्यात मुलांना धोका अधिक. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य होतं. पण आईबाप काय म्हणत होते? त्यांचं गणित साधं होतं. एकदा तुम्ही खोटा दाखला दिलात, आता दुसरा खरा आहे हे आम्ही कशावरून मानायचं?

त्या अकरा दिवसांचं नुकसान ॲस्बेस्टॉसने कमी आणि न केलेल्या तपासणीने जास्त केलं.

‘हवा चांगली आहे’

आठ वर्षांनी त्याच शहरात याहून मोठा प्रसंग आला. ११ सप्टेंबर २००१ ला वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे कोसळले. उत्तरेकडच्या मनोऱ्याच्या खालच्या मजल्यांवर ॲस्बेस्टॉसचा फवारा होता. काच, सिमेंट, शिसं आणि ॲस्बेस्टॉस यांची धूळ सगळ्या दक्षिण मॅनहॅटनवर पसरली, घराघरांत शिरली. बरोबर एका आठवड्याने, १८ सप्टेंबरला, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रमुख क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांनी जाहीर केलं की तिथली हवा श्वास घेण्यास सुरक्षित आहे. लोक कामावर परतले, घरी परतले. घरं ओल्या फडक्याने पुसून घ्या, असा सल्ला रहिवाशांना मिळाला. स्टायव्हेसंट नावाची नामांकित शाळा ९ ऑक्टोबरला भरली, तेव्हा तिच्या शेजारच्या धक्क्यावर मलबा बोटींत भरायचं काम चालूच होतं.

२००३ च्या ऑगस्टमध्ये त्याच संस्थेच्या महानिरीक्षकांचा अहवाल आला. इतकं सरसकट विधान करण्याजोगी पुरेशी माहिती आणि विश्लेषण त्या वेळी संस्थेकडे नव्हतं, असं त्यात नमूद होतं. निवेदनांच्या शब्दांवर व्हाइट हाउसचा हात फिरला होता, हेही त्यात होतं. त्या धुळीने आजारी पडलेल्या बचाव कामगारांच्या आणि रहिवाशांच्या उपचारांसाठी शेवटी जानेवारी २०११ मध्ये झड्रोगा कायदा झाला.

इथे मला पुन्हा तो शब्द आठवतो. सरकारने लोकांना खातिर-जमा दिली. खातरजमा केली नाही. आणि हेही खरं, की त्या वेळी हादरलेल्या लोकांना कुणीतरी ‘काळजी करू नका’ म्हणायला हवंच होतं. म्हणूनच ती चूक इतकी सहज घडली.

तीन इमारती

युरोपात याच काळात तीन मोठ्या इमारतींचं नशीब तीन वाटांनी गेलं.

ब्रुसेल्समधली बेरलेमाँ ही युरोपीय आयोगाची मुख्य इमारत. ॲस्बेस्टॉसमुळे १९९१ मध्ये ती रिकामी केली आणि कर्मचारी परतले ते २००४ मध्ये. मध्ये तेरा वर्षं गेली.

पॅरिसमधला ज्युसिउ हा विद्यापीठाचा परिसर. सीन नदीकाठच्या प्रसिद्ध अरब जगत संस्थेच्या अगदी शेजारी. १९६० च्या दशकात बांधताना तिथे ॲस्बेस्टॉसचा भरपूर फवारा मारला होता. छतातून पडणाऱ्या धुळीबद्दल १९७० च्या दशकाच्या मध्यात तिथल्याच संशोधकांनी आणि कर्मचाऱ्यांनी आवाज उठवला. आँरी पेझेरा हे त्यांच्यातले आघाडीचे वैज्ञानिक. त्यांच्या धडपडीने १९७८ मध्ये फ्रान्समध्ये फवाऱ्यावर बंदी आली, पण ज्युसिउचं छत तसंच राहिलं. आणखी वीस वर्षं विद्यार्थी त्याखाली शिकत राहिले. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी वर्ष संपायच्या आत तिथे विद्यार्थी राहणार नाहीत असं जाहीर केलं, आणि १ जानेवारी १९९७ पासून देशभर ॲस्बेस्टॉसवर बंदी आली. पण इमारत साफ करायला कितीतरी अधिक काळ लागला. एकेक भाग रिकामा करायचा, साफ करायचा, तपासायचा, मग पुढचा. हे काम २०१६ पर्यंत चाललं आणि खर्च एक अब्ज युरोच्या पलीकडे गेला.

तिसरी इमारत पूर्व बर्लिनमधली, १९७६ मध्ये उघडलेला ‘पालास्ट डेर रिपुब्लिक’. पूर्व जर्मनीची संसद आणि लोकांच्या कार्यक्रमांचं सभागृह. १९९० मध्ये ती बंद केली, कारण आत हजारो टन ॲस्बेस्टॉस होतं. २००३ पर्यंत ते सगळं काढलं. इमारत निर्धोक झाली तेव्हा फक्त लोखंड-काँक्रीटचा सांगाडा उरला होता. मग राजकारणाने ठरवलं की तो सांगाडाही नको, आणि २००६ ते २००८ मध्ये तो पाडला. एखादी जागा सुरक्षित झाली, एवढ्यावर ती पुन्हा वापरात येतेच असं नाही, हेही यातून कळतं.

आपल्या दारातलं

फ्रान्सचं हे प्रकरण आपल्या दारापर्यंतही आलं होतं. ३१ डिसेंबर २००५ ला ‘क्लेमांसो’ ही जुनी फ्रेंच विमानवाहू नौका गुजरातेतल्या अलंगला तोडायला निघाली. तिच्यातलं ॲस्बेस्टॉस किती काढलं आणि किती उरलं, यावर वाद पेटला. आकडे जुळेनात. आपलं सर्वोच्च न्यायालय आणि तिकडची न्यायालयं दोन्ही मध्ये आली आणि फेब्रुवारी २००६ मध्ये शिराक यांनी नौका परत बोलावली. शेवटी ती इंग्लंडात हार्टलपूलला तोडली गेली. ज्या देशाने आपल्या विद्यार्थ्यांसाठी लिटरमागे ५ तंतूंची मर्यादा घातली, त्याच देशाला अलंगच्या मजुरांसाठी अदमासे आकडा चालत होता.

पण बोट फक्त फ्रान्सकडे दाखवून कसं चालेल? १९९५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं ठेवायला सांगितलं. रोगाचा तो उशीर न्यायालयाने नेमका ओळखला होता. तरीही ॲस्बेस्टॉसचे पत्रे आपल्याकडे आजही विकले जातात, परदेशातून आणलेला माल वापरून बनवले जातात. स्वस्त आहेत, टिकाऊ आहेत. माझं बालपण त्याच पत्र्याखाली गेलं. गरीब वस्तीत, मदरशात, शाळेत, गोठ्यावर तोच असतो. तो काढून टाका म्हणणं सोपं आहे, पैसे कुठून आणायचे हे सांगणं अवघड.

म्हणून घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. शाबूत पत्र्यात तंतू सिमेंटने धरून ठेवलेले असतात. फवाऱ्याच्या छताइतका तो धोकादायक नसतो. धोका वाढतो तो पत्रा कापताना, भोक पाडताना, फोडताना, घासून धुताना. एक दिवस पूड उडाली म्हणजे रोग होणारच असंही नाही. जितकी जास्त धूळ आणि जितका जास्त काळ, तितका धोका अधिक.

मग आम्ही काय केलं? दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. ते आधी चिडले, मग गप्प झाले. दोन वर्ग आठवडाभर बंद ठेवले. कोरडा झाडू बंद केला. ढिगावर पाणी मारून तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये बांधले. लगोरीचे तुकडेही गोळा केले, तेव्हा पोरं नाराज झाली. भिंती, बाकं, कट्टे ओल्या फडक्याने पुसून फडकी फेकून दिली. चाचांच्या नाकातोंडाला चांगला मास्क बांधला. तो पहिल्या दिवशीच बांधायला हवा होता.

हवा कुणी मोजली नाही. मोजणारा आणायचा कुठून आणि पैसे द्यायचे कुणी, हे आम्हाला कळलं नाही. रजिस्टरात जुन्या नोंदीखाली मी नवी नोंद केली : पत्रे फोडून उतरवले, कोरडी झाडझूड झाली, नंतर ओली सफाई केली, हवेची तपासणी झालेली नाही. मुख्याध्यापक म्हणाले, “एवढं लिहायची काय गरज आहे?” मी म्हटलं, “सर, जेवढं केलं तेवढंच लिहू या.” थोडा वेळ पेन हातात धरून बसले, मग त्यांनी सही केली.

तुमच्या शाळेचे, मशिदीचे, घराचे पत्रे या उन्हाळ्यात बदलणार असतील, तर कंत्राटदाराला आधीच विचारा की तो पत्रे फोडणार की बोल्ट सोडवून अखंड उतरवणार. ओले करून उतरवणार का? तुकडे कुठे टाकणार? आणि ‘साफ झालं’ असं जो सांगेल त्याला विचारा, कसं पाहिलंत?

आठवड्याने वर्ग उघडले तेव्हा पाचवीची मुलं दाराशी रांगेत उभी होती. त्यातल्या एकीने विचारलं, “सर, बसू का आत?” मी ‘हो’ म्हणालो. मनाची खातिर-जमा त्या ‘हो’मध्ये नव्हती, आजही नाही.